उष्माघात : तीन अंश उतरवायचे, पण किती मिनिटांत?

एप्रिल-मे महिने आले की 'उष्माघाताचा बळी' अशा मथळ्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत दिसू लागतात. विदर्भात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. रानात तेंदूपाने तोडणारे, रस्त्यावर डांबर टाकणारे, शेतात राबणारे स्त्री-पुरुष, तसेच पत्र्याच्या खोलीत पडून असलेली वृद्ध माणसे यांना उन्हाचा तडाखा बसतो. पण हे संकट केवळ विदर्भाचे नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावर भरलेल्या एका मोठ्या समारंभात ऊन लागून दहाहून अधिक माणसे दगावली. त्या दिवशी तेथील पारा चाळिसाच्याही खाली होता.

ऊन लागलेल्या माणसाला सावलीत न्यावे, अंगावर पाणी मारावे, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु पाणी कसे असावे? साधे की बर्फाचे? ते अंगावर शिंपडावे, ओल्या कापडात माणसाला गुंडाळावे, की त्याला सरळ पाण्यात बसवावे? पंखा लावावा की लावू नये? आणि मुख्य म्हणजे हे सारे किती वेळात व्हावे? या प्रश्नांची उत्तरे तुमच्या शाळेतील उष्णतेच्या धड्यात आहेत. विशिष्ट उष्मा, अप्रकट उष्मा, उष्णतेचे वहन, सापेक्ष आर्द्रता या ज्या गोष्टी आपण परीक्षेसाठी पाठ करतो, त्यांच्यावरच येथे एखाद्याचा जीव अवलंबून असतो. ते कसे, हे आपण या लेखात पाहू. लेखातील सर्व तापमाने सेल्सिअस अंशांत आहेत.

हा ताप नव्हे

निरोगी माणसाच्या शरीराच्या आतील भागाचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राहते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. घरातील फ्रिजमध्ये जसा तापनियंत्रक असतो, तसा हा शरीराचा तापनियंत्रक होय. शरीर तापू लागले की त्याच्या हुकमाने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, आतील उष्णता रक्ताबरोबर त्वचेपर्यंत येते, घाम सुटतो आणि घामाच्या बाष्पीभवनाबरोबर उष्णता बाहेर जाते.

आपल्याला जंतुसंसर्गाने ताप येतो तेव्हा हा तापनियंत्रकच आपला काटा ३७ वरून ३९ वर सरकवतो. म्हणून थंडी वाजते, हुडहुडी भरते आणि शरीर स्वतःहून तापते. पॅरासिटॅमॉलची गोळी हा वर सरकलेला काटा पुन्हा खाली आणते. उष्माघातात मात्र काटा ३७ वरच असतो. बाहेरून शिरणारी आणि आत तयार होणारी उष्णता इतकी जास्त असते की ती बाहेर टाकण्याची यंत्रणाच अपुरी पडते. येथे पॅरासिटॅमॉल किंवा ॲस्पिरिन देऊन काहीही साधत नाही. काटा सरकलेलाच नाही, तर गोळी खाली आणणार काय? उलट यकृत आणि रक्त आधीच संकटात असतात. त्यांच्यावर गोळीचा भार मात्र पडतो.

शरीराच्या आतील तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि त्याबरोबर मेंदूचे काम बिघडले, म्हणजे माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली, की त्याला उष्माघात म्हणतात. याचे दोन प्रकार आहेत. एक, काही श्रम न करताही सतत उष्म्यात राहिल्याने होणारा. तो बहुधा वृद्धांना, आजाऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना होतो. दुसरा, श्रमामुळे होणारा. तो धावपटू, सैनिक, मजूर अशा धडधाकट माणसांना होतो. 'उष्माघातात अंग कोरडे पडते' असे आपण ऐकतो, ते पहिल्या प्रकारात बहुधा खरे असते. दुसऱ्या प्रकारात माणूस घामाने निथळत असूनही उष्माघाताने कोसळू शकतो. घाम दिसतो म्हणून धोका नाही, असे कधीही समजू नये.

एवढ्या तापमानात पेशींतील प्रथिने आणि पेशींची आवरणे बिघडू लागतात. आतड्याचे अस्तर झिरपू लागून तेथील जंतूंची विषे रक्तात उतरतात. मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना इजा होते आणि रक्त गोठण्याची क्रिया विस्कटते. ही इजा दोन गोष्टींवर अवलंबून असते : तापमान किती चढले आणि ते किती वेळ चढलेले राहिले. रुग्ण आपल्या हाती येतो तेव्हा पहिली गोष्ट घडून गेलेली असते. दुसरी मात्र आपल्या हातात असते. म्हणूनच पहिल्या अर्ध्या तासात तापमान ४० च्या खाली आणावे, असे वैद्यकशास्त्र सांगते.

उष्णतेचा हिशोब

आता एक उदाहरण सोडवू. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाचे तापमान ४२ अंश झाले आहे. ते ३९ वर आणायचे आहे. त्याच्या शरीरातून किती उष्णता काढावी लागेल?

पाण्याचा विशिष्ट उष्मा १ आहे. माणसाच्या शरीरात पाण्याखेरीज चरबी, हाडे वगैरे असल्यामुळे शरीराचा सरासरी विशिष्ट उष्मा थोडा कमी, म्हणजे सुमारे ०.८३ भरतो. तेव्हा,

६० × ०.८३ × ३ = सुमारे १५० किलोकॅलरी.

म्हणजे एक अंश उतरवण्यासाठी ५० किलोकॅलरी, हे सोपे प्रमाण लक्षात ठेवा. याशिवाय माणूस जिवंत असल्यामुळे त्याच्या शरीरात उष्णता तयार होतच असते. पडून असतानाही, आणि अंग तापलेले असल्याने जरा जास्तच, मिनिटाला दीड किलोकॅलरीच्या आसपास भर पडते. अर्ध्या तासात ती ४५ किलोकॅलरी होईल. एकूण हिशोब धरा २०० किलोकॅलरीचा.

ही उष्णता फार आहे काय? मुळीच नाही. दोन-अडीच लिटर पाणी चुलीवर उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, साधारण तेवढीच ही आहे. तेव्हा अडचण उष्णतेच्या राशीची नाही, ती काढण्याच्या वेगाची आहे. ही उष्णता तीन तासांत सावकाश निघाली तर माणूस कदाचित जगणार नाही. पंधरा-वीस मिनिटांत निघाली तर तो बहुधा आपल्या पायांनी घरी जाईल.

उष्णता वेगाने काढण्याच्या दोन मोठ्या वाटा आहेत. एक बाष्पीभवनाची आणि दुसरी थंड पाण्यात वहन-अभिसरणाची. त्यांची तुलना करू.

पहिली वाट : बाष्पीभवन

१०० अंशांवरील १ लिटर पाण्याची वाफ होताना ५४० किलोकॅलरी लागतात, हे तुम्ही शिकला आहात. त्वचेच्या तापमानाला पाणी उडून जाताना तर आणखी जास्त, म्हणजे लिटरला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. आपल्याला २०० किलोकॅलरी काढायच्या आहेत. २०० ÷ ५८० = ०.३४. म्हणजे अवघे साडेतीनशे मिलिलिटर पाणी, दोन पेलेही नाहीत!

पण यात एक मेख आहे. ते पाणी त्वचेवरून उडून गेले पाहिजे. अंगावर बादलीभर पाणी ओतले आणि ते ओघळून गेले, तर ते फक्त स्वतः तापण्यापुरतीच उष्णता नेते. १५ अंशांचे १ लिटर पाणी त्वचेवरून वाहताना ३२ अंशांपर्यंत तापले तरी ते १७ किलोकॅलरीच नेईल. तेच पाणी उडून गेले असते तर त्याच्या चौतीस पट उष्णता गेली असती. म्हणून या वाटेने जायचे तर पाण्याचा बारीक फवारा आणि जोराचा वारा ही जोडी हवी.

या वाटेवरचे सर्वांत प्रसिद्ध साधन मक्केच्या यात्रेसाठी तयार झाले. हजची यात्रा चांद्र पंचांगाप्रमाणे येत असल्याने काही वर्षे ती ऐन उन्हाळ्यात पडते आणि लाखो यात्रेकरूंमध्ये उष्माघाताचे रुग्ण मोठ्या संख्येने निघतात. जोसेफ वायनर हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि मुस्तफा खोगाली हे वैद्य या दोघांनी १९८० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका शीतन-यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे ते 'मक्का शीतन-यंत्र' म्हणून ओळखले जाऊ लागले. (इंग्लंडमध्ये पिल्टडाउन येथे सापडलेली 'आदिमानवा'ची कवटी बनावट आहे हे १९५३ साली ज्यांनी उघडकीस आणले, त्यांपैकी एक हेच वायनर.)

या यंत्रात रुग्णाला जाळीच्या खाटेवर ठेवतात, म्हणजे पाठीकडूनही वारा लागतो. चहूबाजूंनी १५ अंशांच्या पाण्याचे तुषार उडवतात आणि त्यांवर ४५ अंशांहून गरम हवेचा झोत सोडतात. तापलेल्या माणसावर गरम हवा? वाचून नवल वाटेल. पण वायनर-खोगालींचा विचार असा होता : त्वचा ३२-३३ अंशांवर राखायची. त्वचा याहून फार गार झाली तर दोन तोटे होतात. एक तर तेथील रक्तवाहिन्या आकसतात आणि आतील उष्णता त्वचेपर्यंत येण्याचे कमी होते. दुसरे, गार पृष्ठभागावरून बाष्पीभवन मंदावते. गरम झोत त्वचेला उबदार ठेवतो आणि पाणी भराभर उडवून नेतो. उष्णता हवेतून थोडी येते, पण बाष्पाबरोबर कितीतरी जास्त जाते.

नागपूर आणि मुंबई

बाष्पीभवनाचा वेग कशावर ठरतो? ओल्या त्वचेलगतचा बाष्पदाब आणि हवेतील बाष्पदाब यांच्या फरकावर. ३३ अंशांच्या ओल्या त्वचेलगत बाष्पदाब सुमारे ३८ मिलिमीटर असतो. मे महिन्यात नागपूरला दुपारी हवा ४५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के धरा. त्या तापमानाला संपृक्त बाष्पदाब ७२ मिलिमीटर. त्याचे १५ टक्के म्हणजे ११. फरक २७ मिलिमीटर. मुंबईला हवा ३५ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के धरा. संपृक्त बाष्पदाब ४२. त्याचे ६५ टक्के म्हणजे २७. फरक फक्त ११ मिलिमीटर.

म्हणजे मुंबईत पारा दहा अंशांनी खाली असूनही ओल्या अंगावरून पाणी उडण्याचा वेग नागपूरच्या निम्म्याहूनही कमी असतो. वाळ्याचे पडदे लावलेला कूलर नागपूरला खोली गारेगार करतो आणि कोकणात नुसता दमटपणा वाढवतो, त्याचे कारण हेच. खारघरला चाळिसाच्या आत पारा असताना माणसे का दगावली, याचाही उलगडा यातून होतो. घाम येतो, पण तो उडत नाही, नुसता ओघळतो.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, कोरड्या हवेत फवारा आणि वारा हा उपाय चांगला चालतो, दमट हवेत तो लंगडा पडतो. दुसरी, नागपूरच्या दुपारी कोरड्या अंगावर नुसता पंखा सोडू नये. हवा त्वचेहून गरम असते, त्यामुळे पंखा उष्णता काढण्याऐवजी आत ढकलतो; अंग सतत ओले ठेवले तरच तो उपयोगी. तिसरी, फवाऱ्यासाठी बर्फाचे पाणी नको. त्वचा २० अंशांपर्यंत गार झाली तर तिच्यालगतचा बाष्पदाब १७-१८ मिलिमीटरवर येतो. मुंबईच्या हवेतील बाष्प तर २७ मिलिमीटरचे! मग पाणी उडण्याऐवजी, सरबताच्या गार पेल्यावर जमते तसे, हवेतीलच बाष्प अंगावर जमेल.

मक्का यंत्राने आणि तशा फवारा-पंख्याच्या पद्धतीने प्रत्यक्ष रुग्णांचे तापमान मिनिटाला साधारण ०.०५ ते ०.१ अंश या वेगाने उतरते. आपले तीन अंश उतरायला अर्धा ते एक तास लागेल.

दुसरी वाट : बर्फाचे पाणी

पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे पंचवीस पट असते. म्हणूनच २० अंशांच्या हवेत आपल्याला बरे वाटते, पण २० अंशांच्या पाण्यात उतरल्यावर दात वाजतात. तापलेल्या माणसाला बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवले, तर जवळजवळ सर्व त्वचेतून एकाच वेळी उष्णता वाहू लागते.

ही कल्पना जुनीच आहे, परंतु अनेक वर्षे तिच्यावर एक आक्षेप घेतला जात असे. तो असा : अतिथंड पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतील, रुग्णाला हुडहुडी भरेल, उष्णता आतच कोंडली जाईल आणि तापमान उतरण्याऐवजी चढेल. युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. त्यातील दोन्ही क्रिया खऱ्याही आहेत. मग निर्णय कसा लावायचा? विज्ञानात तो एकाच रीतीने लागतो : मोजून.

कॅनडातील ओटावा विद्यापीठात स्वयंसेवकांनी व्यायाम करून आपल्या शरीराचे तापमान ४० अंशांपर्यंत चढवले आणि मग त्यांना वेगवेगळ्या तापमानांच्या पाण्यात बुडवले. २००३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे आहेत : २ अंशांच्या पाण्यात तापमान मिनिटाला ०.३५ अंश उतरले. ८ अंशांच्या पाण्यात ०.१९, १४ अंशांच्या पाण्यात ०.१५, आणि २० अंशांच्या पाण्यात ०.१९. सर्वांत थंड पाण्यात तापमान चढले तर नाहीच, उलट ते सर्वांत वेगाने उतरले. रक्तवाहिन्या आकसल्याने जो तोटा होतो, त्याहून पाणी आणि शरीर यांच्यातील मोठ्या तापमान-फरकाचा फायदा कितीतरी जास्त असतो. दुसरी एक गोष्ट या आकड्यांत आहे, ती आपल्यासाठी फार मोलाची आहे. २० अंशांचे साधे गार पाणीही वाईट नाही. बर्फ मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही.

हे झाले निरोगी स्वयंसेवकांचे. खऱ्या रुग्णांचे काय? अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फालमाउथ या समुद्रकाठच्या गावी दरवर्षी ऑगस्टमध्ये सुमारे ११ किलोमीटरची शर्यत होते. अंतर थोडे, त्यामुळे धावपटू जिवाच्या आकांताने धावतात. हवा मात्र उन्हाळी आणि दमट. तेथे अंतिम रेषेजवळच वैद्यकीय तंबूत बर्फाच्या पाण्याचे टब तयार ठेवतात. अठरा वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. उष्माघाताचे २७४ धावपटू, आणले तेव्हाचे सरासरी तापमान ४१.४ अंश, उतरण्याचा सरासरी वेग मिनिटाला ०.२२ अंश. या २७४ जणांपैकी दगावले किती? एकही नाही.

आपल्या उदाहरणात हा वेग घालून पाहा. ३ ÷ ०.२२ = सुमारे १४ मिनिटे.

मधल्या वाटा

प्रत्येक ठिकाणी टब कोठून येणार? म्हणून इतर उपायांचीही मोजमापे झाली आहेत. फालमाउथलाच केलेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत बर्फाच्या पाण्याने मिनिटाला ०.२० अंश, तर अंगावर ओले पंचे टाकून ०.११ अंश उतरले. म्हणजे पंच्यांचा वेग निम्मा, तरीही तो तुच्छ मानण्याजोगा नाही. मात्र पंचा अंगावर टाकून विसरून जाऊ नये. दोन-तीन मिनिटांत तो अंगाइतकाच गरम होतो आणि मग पांघरुणाचे काम करतो. बर्फाच्या पाण्यात बुडवलेले पंचे सारखे बदलत राहिले तरच उपयोग.

मान, काखा आणि जांघा येथे मोठ्या रक्तवाहिन्या त्वचेजवळ असतात. तेथे बर्फाच्या पिशव्या ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे. पण या जागा म्हणजे एकूण त्वचेचा अगदी लहान हिस्सा. म्हणून हा उपाय इतर उपायांच्या जोडीला करावा, एकट्याने तो फार मंद आहे.

रुग्णालयात थंड सलाइन शिरेतून देतात. त्याचाही हिशोब करू. ४ अंशांचे १ लिटर सलाइन शरीरात ३९ अंशांपर्यंत तापताना सुमारे ३५ किलोकॅलरी घेईल. म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तापमान ०.७ अंशाने उतरेल. मदत होते, पण एवढ्यावर विसंबता येत नाही.

आणि एक उपाय आपल्या गावोगावी सहज जमेल असा आहे. त्याला लागते फक्त ताडपत्री! रुग्णाला ताडपत्रीच्या मध्यभागी निजवायचे, पाच-सहा जणांनी तिच्या कडा उचलून तिला पन्हळीसारखा आकार द्यायचा, तीत पाणी आणि बर्फ ओतायचा आणि ताडपत्री हलकेच या बाजूने त्या बाजूला हेलकावत राहायची. स्वयंसेवकांवरील प्रयोगांत या पद्धतीने मिनिटाला ०.१४ ते ०.१७ अंश असा वेग मिळाला आहे. हेलकावे कशासाठी? शरीरालगतचे पाणी तापून त्याचा एक पातळ थर तयार होतो आणि तो शरीराला पांघरुणासारखा वेढून राहतो. पाणी हलते ठेवले की तो थर मोडतो. टबातही पाणी ढवळत राहावे लागते ते याचसाठी.

आता सगळे उपाय एके ठिकाणी मांडू. ४२ वरून ३९ वर येण्यासाठी लागणारा वेळ साधारण असा :

बर्फाच्या पाण्यात बुडवणे : १४-१५ मिनिटे
ताडपत्री, बर्फ आणि पाणी : १८ ते २१ मिनिटे
सारखे बदललेले ओले पंचे : २७ मिनिटे
फवारा आणि वारा : ३० ते ६० मिनिटे

याचा अर्थ फवारा टाकाऊ आहे असा मात्र नव्हे. अतिवृद्ध, हृदयविकार असलेला किंवा नळ्या-यंत्रे जोडलेला रुग्ण टबात ठेवणे अवघड असते. तेथे डॉक्टर बाष्पीभवनाची वाट निवडतात. धडधाकट तरुण श्रमाने कोसळला असेल तर बर्फाच्या पाण्याला तोड नाही.

आधी थंड करा, मग हलवा

जून २०२४ मध्ये हजच्या वेळी मक्केत पारा ५१.८ अंशांपर्यंत चढला. सौदी सरकारच्या आकड्यांप्रमाणे त्या यात्रेत १,३०१ माणसे मृत्यू पावली. त्यांतील बहुसंख्य परवान्याविना आलेली होती; निवाऱ्याशिवाय ती भर उन्हात लांबवर चालत होती. ज्या नगराने उष्माघाताच्या यंत्राला आपले नाव दिले, तेथे हे घडले. यंत्र रुग्णालयात होते, आणि माणूस रस्त्यावर पडला होता.

म्हणूनच आता या विषयातील तज्ज्ञ, विशेषतः श्रमाने होणाऱ्या उष्माघाताबद्दल, एक सूत्र सांगतात : आधी थंड करा, मग हलवा. रुग्णवाहिका यायला वीस मिनिटे आणि रुग्णालयात पोहोचायला आणखी वीस मिनिटे लागली, तर तो सारा काळ मेंदू ४२ अंशांवर भाजत राहतो. तोच काळ वापरला तर रुग्णवाहिका येईपर्यंत तापमान उतरलेले असेल. अमेरिकेतील फीनिक्स शहराच्या अग्निशमन दलाने २०२४ पासून रुग्णवाहिकेतच बर्फ आणि पाणी भरता येईल अशा माणसाएवढ्या पिशव्या वापरायला सुरुवात केली. त्याच उन्हाळ्यात दिल्लीच्या डॉ. राम मनोहर लोहिया रुग्णालयात बर्फाच्या पाण्याचे टब आणि बर्फ तयार करणारे यंत्र असलेला उष्माघात कक्ष सुरू झाला.

तुमच्या शाळेच्या मैदानावर किंवा गावात असा प्रसंग आला तर पुढील गोष्टी कराव्यात. प्रत्येकीमागचे कारण तुम्हाला आता ठाऊक आहे.

१. उन्हात किंवा श्रम करताना माणूस भ्रमिष्टासारखे वागू लागला अथवा कोसळला, तर उष्माघात समजून ताबडतोब मोठ्या माणसांना बोलवा. एकाने १०८ क्रमांकावर फोन करावा. बाकीच्यांनी थंड करण्याचे काम सुरू करावे.

२. सावलीत न्या. बूट, मोजे, जाड कपडे काढा.

३. टब, मोठे घमेले, गुरांना पाणी पाजण्याचा हौद किंवा ताडपत्री, जे हाताशी असेल ते घ्या. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी कढत असते. विहिरीचे, हातपंपाचे किंवा माठातले घ्या. बर्फाची लादी मिळाली तर फोडून टाका. पाणी सारखे हलते ठेवा.

४. डोके पाण्याबाहेर राहील अशा रीतीने एकाने रुग्णाला काखेतून धरून ठेवावे. त्याला क्षणभरही एकटे सोडू नये.

५. टब किंवा ताडपत्री नसेल तर सर्वांगावर ओले पंचे टाकून ते सारखे बदला. किंवा साध्या पाण्याने अंग सतत ओले ठेवून जोराने वारा घाला.

६. शुद्ध नसलेल्या किंवा भ्रमिष्ट माणसाच्या तोंडात पाणी, सरबत, कांद्याचा रस, काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. उलटी झाली तर कुशीवर वळवा. तापाची गोळी देऊ नका.

७. काखेत किंवा तोंडात लावलेला तापमापक येथे फसवतो. आतले तापमान त्याहून बरेच जास्त असू शकते. खरे तापमान डॉक्टर गुदाशयात मोजतात. ते ३९ च्या आसपास आले की थंड करणे थांबवतात, कारण त्यानंतरही ते आपोआप थोडे उतरते. मोजण्याची सोय नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. मात्र रुग्ण पूर्ण शुद्धीवर येऊन त्याला जोराची हुडहुडी भरली, तर पाण्यातून बाहेर काढा.

८. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्याच. यकृताची आणि मूत्रपिंडाची इजा नंतर कळून येते.

ज्या शाळेत उन्हाळ्यात खेळांच्या स्पर्धा होतात, ज्या गावात पोलीस भरतीसाठी मुले धावण्याचा सराव करतात, तेथे एक ताडपत्री, दोन ड्रम पाणी आणि बर्फ कोठे मिळेल याची माहिती एवढी तयारी आधीच असावी. हिशोब सोपा आहे, पण तो प्रसंग येण्यापूर्वी केलेला असला पाहिजे.

करून पाहा

स्टीलचे चार सारखे पेले घ्या. प्रत्येकात ५० अंशांचे सारखेच पाणी भरा आणि तोंडावर घट्ट झाकण किंवा प्लॅस्टिकचा कागद बांधा; छिद्रातून प्रयोगशाळेतील तापमापक आत सोडा. पहिला पेला तसाच टेबलावर ठेवा. दुसरा ओल्या फडक्यात गुंडाळून पंख्यासमोर ठेवा. तिसरा तसाच गुंडाळून, गरम पाणी सोडून दमट केलेल्या न्हाणीघरात ठेवा. चौथा बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवा. दर दोन मिनिटांनी तापमाने लिहून एकाच आलेखकागदावर चार रेषा काढा. दुसरी आणि तिसरी रेषा म्हणजे तुमचे नागपूर आणि मुंबई. चौथी रेषा किती उभी उतरते ते पाहा. नंतर तोच प्रयोग पाणी ढवळून आणि न ढवळता करा.

सोडवून पाहा

१. ५० किलोग्रॅम वजनाच्या मुलाचे तापमान ४१.५ वरून ३९ वर आणण्यासाठी किती उष्णता काढावी लागेल? तेवढ्या उष्णतेने ० अंशाचा किती बर्फ वितळेल?

२. ताडपत्रीत ३० अंशांचे १०० लिटर पाणी आहे. ते १० अंशांवर आणण्यास किती बर्फ लागेल? बर्फ वितळताना किलोग्रॅमला ८० किलोकॅलरी घेतो आणि नंतर स्वतः १० अंशांपर्यंत तापतो, हे विसरू नका.

३. पहिल्या आणि दुसऱ्या उत्तरांची तुलना करा. बहुतेक बर्फ कोणाला थंड करण्यात खर्च होतो? पाणी आधीच गार असण्याचा फायदा किती?

उत्तरे : (१) सुमारे १०४ किलोकॅलरी, १.३ किलोग्रॅम. (२) सुमारे २२ किलोग्रॅम. (३) तुम्हीच लिहा आणि आपल्या शिक्षकांना दाखवा.